घोड्यावरचा नवरदेव

आमच्या ह्यांना रेल्वेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण ड्युटी काही सुटली नाही. सकाळी सहाला उठायचं आणि फोनवर आलेलं प्रत्येक चित्र चार जणांना पुढे ढकलायचं. त्यातही चित्रावर इंग्रजी असलं की ते आधी. इंग्रजीनं वजन पडतं, असा आमच्या मारोतरावांचा पक्का समज.

त्या रविवारी हिरालालभाऊंचा होकार यायचा होता. त्यांची मुलगी मंजिरी अभनपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमचा अभिनव चौतीस वर्षांचा. दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं. ही मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मी काही फार देवभोळी नाही, पण त्या दिवशी उपास धरला होता.

आणि ह्यांनी काय करावं? सकाळी सकाळी हिरालालभाऊंना घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचं चित्र पाठवलं. खाली इंग्रजीत दोन ओळी. शुभ असतं म्हणे!

अभिनवनं ते पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"पापा, ये क्या भेज दिया? इसमें लिखा है, भाग भाई, अभी भी टाइम है!"

"घोडा सजवलेला होता ना," हे पुटपुटले.

"आग लागो त्या घोड्याले!" मी भडकले. "न वाचता काहून पाठवलं?"

ह्यांनी घाईनं फोन उघडला. पुसून टाकावं म्हटलं तर तिकडून उत्तरही येऊन पडलेलं: जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. म्हणजे वाचलं आणि लांबूनच नमस्कार केला, असंच मी धरून चालले. दुपारपर्यंत फोन नाही. अभिनव काही काम नसताना सदर बाजारात चक्कर मारून आला. मी डाळ करपवली.

चारला मंजिरीचाच फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"काकू, तुम्ही लोक रागावले तर नाही ना?"

आम्ही?

"बाबांनी न वाचताच गुलाब पाठवला. मी वाचून दाखवलं, मला तर हसूच आलं. पण तेव्हापासून ते जेवले नाहीत. सारखं एकच म्हणून राहिले, मले इंग्रजी येत नाही हे आता तिकडे समजलं असंन, ते मोठे शिकलेले लोक."

मोठे शिकलेले लोक! मी ह्यांच्याकडे पाहिलं. उभ्या नोकरीत साहेबापुढे मान हलवत इंग्रजी कागदांवर सह्या केल्या ह्या माणसानं. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे ह्यांनाही ठाऊक होतं. पण घरात हा विषय कधी निघाला नव्हता. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बेटा, बाबाले दे." मग घसा खाकरून म्हणाले, "हिरालालभाऊ, जेवून घ्या. मलेबी नाही येत."

तिकडे हिरालालभाऊ जे हसत सुटले, ते थांबेचनात. हेही हसू लागले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. होकार नेमका कधी आला ते विचाराल तर सांगता येणार नाही. त्या हसण्यातच कुठेतरी आला.

मंजिरीनं दोघांनाही कामाला लावलं. तिच्या शाळेतले पोट्टे पुस्तक उघडायला कुरकुर करतात, पण असली चित्रं दिली की त्यावरची ओळ आपणहून वाचतात आणि मग धड्याकडेही वळतात. "तुम्हा दोघांना रोज एक पाठवीन," ती म्हणाली. "अर्थ लागल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही."

आता रोज दहाला दोघा व्याह्यांचा व्हिडिओ कॉल असतो. एकानं अक्षरं लावायची, दुसऱ्यानं टोकायचं. काल मांजराचं चित्र होतं. हे बोट ठेवून अडखळत वाचत गेले, शेवटच्या शब्दावर थांबले आणि एकदम खुदकन हसले. कुणी समजावलं नव्हतं. मग मला जवळ बसवून त्यात काय लिहिलंय ते सांगितलं. मला नाही समजलं, तर न चिडता पुन्हा सांगितलं. विनोद काही खास नव्हता. मी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.