सगळं पोटात घालणारे

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वतः जिन्याने जातात. लिफ्ट अडकली आणि नेमकी त्याच वेळी पोटाने उचल खाल्ली तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. नव्या इमारतीत गेले की लिफ्टची मोटार बघण्याआधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतात. दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. 'नॉर्मल' ऐकलं की नापास झाल्यासारखा चेहरा करतात.

शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसला ताण आहे का?"

"छे हो. मी कुणाचं मनाला लावून घेत नाही. सगळं पोटात घालतो."

मला हसू आवरेना.

"मग आतड्यांनी तरी किती सोसायचं?" बाई म्हणाल्या. "जे खुपतंय ते आज घरी जाऊन बोलून टाका. चिडा हवं तर."

मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले. काय खुपतंय ते मला ठाऊक होतं. ह्यांचे थोरले भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आले, ते वर्ष उलटलं तरी पुढच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनला टेकून बसलेत. गिऱ्हाइकांचे पडदे मी स्वयंपाकघरात ओट्यावर बेतते. मला माझी खोली परत हवी होती, बाकी काही नको होतं.

वाटेत मी ह्यांच्याकडून वाक्यसुद्धा घोकून घेतलं. 'दादा, आता तू तुझी सोय बघ.'

दादा पेपर वाचत होते. हे पोटावर हात ठेवून त्यांच्यापुढे उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"दादाचं काही नाही गं. तो गप्प बसतो. तू बोलतेस. सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतेस. जिन्यात तुझा आवाज आला तरी माझ्या पोटात गोळा येतो."

दादांनी पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही. मला ते फार लागलं.

ह्यांनी त्या दिवशी भात दोनदा वाढून घेतला. आता शीळ घालत लिफ्टने येतात-जातात. दादा आहेत तिथेच आहेत.

मी बोलणंच टाकलंय. काय वाटेल ते होवो, तोंडातून अवाक्षर काढत नाही.

परवा त्याच डॉक्टरबाईंकडे गेले होते, कळा येतात म्हणून. माझेही रिपोर्ट नॉर्मल.

"कसला ताण?" त्यांनी विचारलं.

"छे हो," मी म्हटलं, आणि संडास कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.