गोधडी मावेल असं मशीन

चतुराबाईने पिशवीतून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ तिने मशीनच्या डाव्या कडेवर अंगठ्याने दाबून धरली आणि सुतळी ताणत उजव्या कडेपर्यंत नेली. दुसरी गाठ कडेच्या चार बोटं पुढे गेली.

"बसतंय," ती म्हणाली.

"अक्का, मापं लिहिलेली असतात तिथे. तो कागद लावलाय ना, त्याच्यावर," सविता दबक्या आवाजात म्हणाली. पलीकडे फ्रीज बघत उभं असलेलं जोडपं आपल्याकडेच बघतंय, अशी तिची खात्री होती.

"आसंल की लिव्हलेलं. पर मला ते वाचून किती ते कळत नाय."

मशीनचा आधार घेत चतुराबाई उठली. उठायला तिला वेळ लागला, आणि उठताना तोंडातून "आई गं" निघालं, तेही सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं. गंगापूर रोडवरचं हे शोरूम चांगलं दुमजली, थंडगार, आणि दाराशी येताच चतुराबाईने बाहेर पायरीवर चपला काढल्या होत्या. देवळात शिरावं तशा. सविताने डोळे वटारले, खुणा केल्या, पण तोवर ती अनवाणी आत पोचली होती आणि आता जिथे जाईल तिथे त्या चकचकीत फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटत होते. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून सविताचं थोरल्या जावेबद्दल एकच मत होतं. बाई चांगली आहे, पण चारचौघांत न्यायची सोय नाही.

आज मात्र न्यायची गरज सविताचीच होती.

आठवड्यापूर्वी चतुराबाईचा फोन आला होता. "धुण्याचं मशीन घ्यायचंय. तुला त्यातलं कळतं. टिकाऊ असं एखादं दाखव मला." सविता इतकी खूश झाली की तिने लगेच शनिवार ठरवून टाकला. त्या खुशीला कारण होतं. लासलगावजवळच्या त्यांच्या गावी, चतुराबाईच्या घरात, सासूबाई म्हणजे सिंधुबाई गेली तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. शेताची वाटणी झाली तेव्हाच भावाभावांत ठरलं होतं की आईला सहा महिने थोरल्याने सांभाळायचं, सहा महिने धाकट्याने. पाळी बदलायची ती दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आता, ठरलं ते सगळं पाळायचंच असतं असं थोडंच आहे? सविताची पाळी आली की काहीतरी निघायचंच. एकदा वैष्णवीची बारावी. मग घरातल्या फरश्या बदलायचं काम. मग कामवाली बाई म्हातारीचं धुणं धुवायला तयार नाही, मशीन जुनं आहे, त्यात धड गोधडी मावत नाही, आणि सविताला तर डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली. चतुराबाई फोनवर सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं." पुढे एक शब्द नाही. असल्या माणसाला गुंडाळायला अक्कल लागत नाही, असं सविताने नवऱ्याला, दीपकला, हसत हसत सांगितलंसुद्धा होतं.

आखाजी आता तोंडावर आली होती आणि या खेपेला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात हा फोन. गावाकडे मशीन आलं म्हणजे धुण्याचा त्रास गेला, आणि धुण्याचा त्रास गेला म्हणजे म्हातारीला हलवायचं कारणच उरलं नाही. अंथरुणातल्या माणसाचं करायचं काय असतं? धुणंच तर असतं, असा सविताचा हिशोब होता. तो तिने बऱ्यापैकी लांबून मांडला होता, कारण ते धुणं तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"मॅडम, बजेट सांगितलं तर दाखवायला सोपं जाईल," शोरूमचा माणूस म्हणाला. चाळिशीचा, गळ्यात टाय, खिशावर 'अबरार' अशी पट्टी. तो सविताला मॅडम म्हणत होता आणि चतुराबाईला मावशी. सविताला हा माणूस पहिल्यापासून समजूतदार वाटला.

"गावाकडे न्यायचंय," ती त्याला म्हणाली, म्हणजे चतुराबाईला वगळून. "तिकडे नळाला पाणी असलं तर असतं. यांना ती बटणं वगैरे जमायची नाहीत. सेमी ऑटोमॅटिकच दाखवा साधंसं."

"सेमी नको," चतुराबाई म्हणाली. "त्याच्यापाशी उभं ऱ्हावं लागतं. इकडचं काढून तिकडं टाका. फुल्ली दाखवा."

फुल्ली! सविताने ओठ दाबून हसू आवरलं. हा शब्द हिला शिकवला तरी कोणी?

अबरारने पुढून दार उघडणाऱ्या मशीनकडे नेलं. चतुराबाईने काचेच्या दारातून आत डोकं घातलं, रबर बोटाने दाबून पाहिलं आणि आत तोंड असतानाच विचारलं, "आवाज किती करतं?"

"अगदी कमी, मावशी. शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठणार नाही."

"खालच्या-वरच्या कुनाची तक्रार नको."

या वेळी सविताला हसू आवरलं नाही. घरासमोर कांद्याची चाळ, दाराशी ट्रॅक्टर, भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी, आणि या बाईला मशीनच्या आवाजाची काळजी! कोणीतरी कुठेतरी विचारलेलं ऐकायचं आणि आपणही तेच विचारायचं, दुसरं काय.

"आन् चालू करून मानूस भायेर गेलं तर?"

"आपोआप थांबतं. पाणीही आपोआप बंद होतं."

"मंग बरं. घरात कधी कोन नसतंय."

कोण नसतंय म्हणे! ही बाई घर सोडून जाते कधी? सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली तेव्हा जेवणाची पंगत उठायच्या आत परतली होती, म्हातारीला भरवायचं म्हणून. सविताने घड्याळ बघितलं. संध्याकाळी तिची भिशी होती, आणि त्याआधी या बाईला एसटीत बसवायचं होतं. सकाळी सविताच्या घरी येताच तिने चहा मागितला, मागच्या बाल्कनीत जाऊन पाय धुतले, आणि तिथेच इतका वेळ काढला की निघायलाच उशीर झाला. आता प्रश्न काही संपत नव्हते.

मग चतुराबाईने ती दुसरी पिशवी उघडली.

एसटीतून उतरल्यापासून ती पिशवी तिने काखेत धरलेली होती. त्यात शेतातलं काहीतरी असेल आणि ते आपल्याला देईल, अशी सविताची समजूत होती. निघाली ती गोधडी. जाड, दुपदरी, काठाला धोतराची पट्टी लावलेली. चतुराबाईने ती भर शोरूममध्ये झटकून उघडली तेव्हा फ्रीज बघणारं जोडपं उघडउघड वळून बघू लागलं.

"अक्का! हे काय?"

"आत्याबाईची हाय. मावते का बघू." सासूबाईंना ती आत्याबाईच म्हणायची.

"असं नसतं इथे. किलोवर असतं ते सगळं. नऊ किलो, दहा किलो..."

"गोधडी कोन तोलून बघतं?"

सविताने पदर नाकाला लावला. तीन वर्षं अंथरुणात पडलेल्या माणसाच्या पांघरुणाला काय वास येत असेल, याची तिची कल्पना पक्की होती. वास आला तो साबणाचा आणि उन्हाचा. पदर तिने तरीही काढला नाही. गोधडीत सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे होते, आणि मध्यावर एक गुलाबी तुकडा होता. तो सविताच्या पहिल्या दिवाळीच्या साडीचा. रंग गावंढळ म्हणून ती साडी ती तिकडेच टाकून आली होती. धुऊन धुऊन तो आता फिकटला होता, पण ओळखू येत होता. सविताने दुसरीकडे बघितलं.

पहिल्या मशीनमध्ये गोधडी अर्धी बाहेर राहिली. दुसऱ्यात ती कोंबून बसली, पण दार लागेना. तिसरं मोठं होतं. चतुराबाईने घडी मोडून गोधडी आत सारली, तिच्यावरून हात फिरवला, आणि मग तो हात कोपरापर्यंत आत घालून सगळीकडून फिरवून पाहिला. हाताची बोटं सांध्यांवर सुजलेली, नखांच्या कडा पांढऱ्या पडून भेगाळलेल्या. अबरारचं तिकडे लक्ष गेलं.

"मावली," चतुराबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "वर जागा बी ऱ्हाते."

"ह्यात पाणी गरम करायची सोय आहे, मावशी. घरी कोणी पेशंट आहे का?"

"सासू हाय."

"मग हेच घ्या," तो म्हणाला. विकायला म्हणतात तसं तो म्हणाला नाही.

सुतळी पुन्हा निघाली. या वेळी दुसरी गाठ अगदी कडेला येऊन टेकली. "बसतंय," चतुराबाई म्हणाली, पण यावेळी जरा दबकत.

सविताला आता घाई झाली होती. "टिकेल ना नीट?" तिने अबरारला विचारलं. "मध्येच बंद पडलं, दुरुस्तीला माणूस मिळाला नाही, असं नको व्हायला. तुमचा माणूस कुठेही येतो ना?"

"येतो, मॅडम. आणि मोटरला दहा वर्षांची वॉरंटी."

दहा वर्षं. सासूबाईंची चौऱ्यांशी झाली होती. सविताने मनातल्या मनात बेरीज केली आणि तिला हायसं वाटलं. अशी बेरीज केल्याची लाज वाटायला हवी होती, पण ती वाटायच्या आतच तिला आपण फार उदार असल्यासारखं वाटू लागलं.

"घेऊनच टाका, अक्का," ती म्हणाली. "दहा वर्षं बघायला नको. आणि अर्धे पैसे आम्ही घालतो. आमचंही काही कर्तव्य आहे."

चतुराबाईने तिच्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तू नको घालू. तुला पुढं लय करावं लागनार हाय."

वैष्णवीच्या लग्नाचं म्हणत असेल, असं सविताने धरलं. चांगली आहे बिचारी, असंही तिला वाटून गेलं. कीव करायला सोपी अशी माणसं तिला मनापासून आवडायची.

काउंटरवर चतुराबाई आता पदराची गाठ सोडेल आणि चुरगळलेल्या नोटा मोजत बसेल, या भीतीने सविता दोन पावलं लांब उभी राहिली. चतुराबाईने मोबाईल काढला, काचेवरच्या चौकोनापुढे धरला, अंगठ्याने आकडे दाबले, आणि पैसे गेले. अक्काला हे जमतं ते सविताला पूर्वी ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची वेळच आली नव्हती.

"डिलिव्हरी कुठे करायची?" अबरारने पेन काढलं.

सविता पुढे झाली. "लासलगावच्या पुढे आहे गाव. तुमची गाडी तिकडे जाते ना? शेवटचा रस्ता जरा..."

"नाय, नाय," चतुराबाई म्हणाली. "हितंच. गंगापूर रोड लिवा." मग ती सविताकडे वळली. "तुझ्या सोसायटीचं नाव सांग बाई त्येला. माझ्या जिभेला ते वळत नाय."

सविताने आधी अबरारच्या पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आमच्याकडे?"

"मंग? तूच म्हनली व्हतीस ना मागल्या आखाजीला, मशीन जुनं हाय, गोधडी मावत नाय. मी म्हनलं, खरं हाय. बिचारीनं कसं करायचं?" चतुराबाई गोधडीची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवत होती. "जुनं काढून तिथंच बसतंय बघ. सकाळी माप घेतलं मी."

मागची बाल्कनी सविताच्या डोळ्यांपुढे आली. पाय धुऊन झाल्यावरही तिथे खाली बसून असलेली चतुराबाई दिसली. सुतळी ती गावाहून घेऊन आली होती, पण गाठी सविताच्या घरात मारल्या होत्या.

"पण अक्का... म्हणजे तुमच्याकडे मशीन..."

"आमच्याकडं कशाला? मला हात हायेत की." ती हे साधेपणाने म्हणाली. मग सविताच्या मेंदी लावलेल्या बोटांकडे तिने एकदा बघितलं. मळलेल्या कापडाकडे, घासून निघेल की नाही ते ठरवत, बघावं तसं. "तुझ्याच्यानं हातानं व्हायचं नाय. ते मला कधीचं ठाव हाय."

सविता कारण शोधू लागली. आजवर कधी शोधावं लागलं नव्हतं, मागितलं की हाताशी यायचं. "यांना विचारावं लागेल," एवढंच तिला सापडलं.

"दीपकला ना? इचारलंय. सकाळी तू आंघोळीला गेली तवाच." सकाळी दीपक पोहे अर्धे टाकून का निघून गेला, ते आता सविताला कळलं. "आमचे हे आखाजीच्या आदल्या दिवशी घेऊन येत्यात आत्याबाईला. जीपगाडी सांगितली हाय. तवर मशीन चालू करून ठेव." आणि घातलेली घडी चतुराबाईने सविताच्या हातात दिली. "ही ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. त्यांना हीच लागते."

गोधडी दिसायची त्याहून जड होती. गुलाबी तुकडा नेमका वर आला होता. पलीकडचं जोडपं फ्रीज ठरवून कधीच निघून गेलं होतं, बघायला आता कोणी नव्हतं.

"बरं," सविता म्हणाली.

"मॅडम, फ्लॅट नंबर?"

सविताने तो बरोबर सांगितला. चुकीचा सांगावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण चतुराबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"लिफ्ट आहे ना?" अबरारने लिहिता लिहिता विचारलं.

"हाय," चतुराबाईच म्हणाली, आणि चपला घालायला दाराकडे निघाली.