दिवसाची झोप

खालून काठीचे तीन ठोके आले, तेव्हा सिस्टरचा डोळा लागून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. ती धडपडून उठली. तिची लेक भिंगरी पलंगावरून उशीवर उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला स्वतःच टाळ्या वाजवत होती.

“अगं ए! काय सांगितलं होतं तुला?”

“मी हळूच उडतेय,” भिंगरी म्हणाली.

पुन्हा ठोके. मग फोन. खालच्या मजल्यावरच्या काकांची बायको दोन महिने अंथरुणाला खिळली होती.

“सिस्टर, आजारी माणसाला आराम लागतो हे आता मी तुम्हाला शिकवायचं का?”

“चुकलं काका. परत नाही होणार.”

पोरीचं कागदावरचं नाव दुसरंच होतं. पण चालायला लागल्यापासून तिचे पाय एका जागी ठरले नाहीत, म्हणून बापाने भिंगरी नाव पाडलं. बाप जहाजावर स्वयंपाकी. साथ आली आणि कुठलंच बंदर माणसांना उतरू देईना. सात महिने तो पाण्यावरच होता. इकडे बालवाडी बंद, बागेला कुलूप, झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून बांधलेल्या. गच्चीवर जायची मनाई. साडेचार वर्षांच्या पोरीला धावायला उरली ती दारापासून खिडकीपर्यंतची नऊ पावलं.

सिस्टर मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला होती. अर्ध्या नर्सेस स्वतःच आजारी, त्यामुळे पाळी बदलायचं नाव नव्हतं. रात्री भिंगरी समोरच्या मावशीकडे झोपायची. सकाळी सिस्टर आली की मावशी तिला दारातच हवाली करून किराणा दुकानात कामाला जायची.

“झोपली का गं?” सिस्टर रोज विचारायची.

“कसली झोपतेय! टक्क डोळे उघडे ठेवून पडलेली असते. दिवसभर कोंडलेलं लेकरू, अंग दमलंच नाही तर झोप येणार कुठून?”

सिस्टरला हे कळत नव्हतं थोडंच! वॉर्डातल्या मुलांच्या आयांना ती स्वतः हेच ऐकवायची. मोबाईल काढून घ्या, दोन घटका हुंदडू द्या, पोर आपोआप झोपेल. आया माना डोलवायच्या आणि आपापल्या एका खोलीच्या घरी जायच्या.

एकदा पहाटेच्या इंजेक्शनांच्या वेळी तिने तीन नंबरच्या मुलाची सुई पाच नंबरच्या दंडाला टेकवली. सोबतच्या नर्सने वरच्या वर तिचा हात धरला.

“सिस्टर! काय करताय?”

काही झालं नाही. कुणी वाच्यताही केली नाही. पण घरी आल्यावर ती रोजच्यासारखी आडवी झाली नाही. तिने कपाटातून सर्दीच्या औषधाची बाटली काढली. त्याने गुंगी येते हे तिला कुणी सांगायला नको होतं. मनातल्या मनात वजनाचा हिशेब करून तिने अर्धा चमचा भरला.

“मला कुठे सर्दी झालीय?”

“होऊ नये म्हणून घ्यायचं.”

चमचा पुढे करताना ती मुलीकडे न बघता बाटलीवरच्या बारीक अक्षरांकडे बघत राहिली.

त्या दिवशी मायलेकी दुपारी दोनपर्यंत झोपल्या. कित्येक आठवड्यांनी सिस्टरचं डोकं हलकं झालं. फक्त आजच्यापुरतं, असं तिने स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच बजावलं. पंधरवड्यात अर्ध्याचा एक चमचा झाला. भिंगरी दुपारी उठायची ती सुस्तावलेलीच. खिडकीशी बसायची, पाय दुखतात म्हणायची, मोरीपर्यंत जायलाही कडेवर घे म्हणायची. रात्री मात्र मावशीकडे टक्क जागी. खालच्या काकांचा पुन्हा फोन आला.

“लेक शहाणी झाली हो तुमची! पावलाचाही आवाज येत नाही.”

“हो,” सिस्टर म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

महिना उलटला असेल. एका सकाळी बाटली कपाटात नव्हती. भिंगरी रात्री मावशीकडे न्यायची त्या कपड्यांच्या पिशवीत मिळाली. बारा तास उभं राहून आलेल्या सिस्टरने ती तिथे कशी, याचा विचारही केला नाही. मावशी घाईत निघून गेली होती. भिंगरी पेंगुळलेलीच होती, तरी चमचा दिसताच तिने तोंड उघडलं.

दोनला सिस्टर उठली. “चल बाळा, दूध घे.” भिंगरी हलली नाही. सिस्टरने तिचा खांदा हलवला, गाल थोपटले, कानाची पाळी चिमटली. एवढ्या चिमट्याने कुठलंही मूल कळवळलं असतं. श्वास चालू होता, पण उथळ. चप्पल न घालताच तिने मुलीला खांद्यावर टाकलं आणि ती जिना उतरली. रस्त्यावर वाहन नव्हतं. दवाखान्यापर्यंतची पंधरा मिनिटांची वाट ती धावत गेली. खांद्यावरचं डोकं प्रत्येक पावलागणिक इकडून तिकडे कलंडत होतं.

मुलांच्या वॉर्डातले डॉक्टर तिला दहा वर्षं ओळखत होते. भिंगरीच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारता मारता ते म्हणाले, “काही खाल्लंय का हिने? काही औषध?”

“सर्दीचं. नऊ वाजता. एक चमचा.”

“एका चमच्याने एवढं नाही होणार.”

तिने मावशीला फोन लावला.

“अगं, पहाटे मीच दिलं की दोन चमचे!” मावशी म्हणाली. “जागीच होती. म्हणाली, आई देते ते झोपेचं दे. बाटली तिनेच आपल्या पिशवीत घालून आणली होती. मला वाटलं, साधं सर्दीचं तर आहे… का गं? काय झालं? बोल ना!”

सिस्टरने फोन खाली घेतला. मावशीचा आवाज तरीही ऐकू येत होता. डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. नर्स मुलीला नळ्या लावत होती. डॉक्टर केसपेपर हातात धरून सिस्टरला बाजूला घेऊन गेले.

“शेजारणीने चुकून जास्त दिलं, असं लिहितो. तसं खोटंही नाही. तुमची नोकरी आहे, सिस्टर.”

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तळपायाला कुठेतरी खिळा लागून रक्त येत होतं.

“तिने एकदा दिलं,” ती म्हणाली. “मी महिनाभर देतेय. पोरगी झोपावी म्हणून. मला झोपता यावं म्हणून. तसं लिहा.”

“विचार करून बोला.”

“लिहा ना, डॉक्टर.”

त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी सलाइनची सुई हलली आणि भिंगरी भोकाड पसरून रडली. सिस्टरने कॉटचा गज घट्ट धरला आणि ती तिथेच खाली बसली. दारात मावशी दुकानाच्या कपड्यांवरच उभी होती. तोंडाला पदर लावून, आत यायचा धीर न झालेली. सिस्टर उठून तिच्यापाशी गेली.

“तुझा काही दोष नाही यात. ऐकलंस? काहीच नाही.”

चौकशी झाली. चौदा वर्षांनी सिस्टरचा वॉर्ड सुटला. तिला तळमजल्यावर चादरींच्या कोठारात घातलं, दिवसपाळीला. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या. आता तिला कुणी सिस्टर म्हणत नव्हतं. गठ्ठ्यांच्या आडोशाला मुलीला बसू द्यायची परवानगी मेट्रनने तोंडी दिली आणि पाठ फिरवली.

नव्या कामाच्या पहिल्या सकाळी दोघी लवकर निघाल्या. रस्ता मोकळा होता. दुकानं बंद, गाडी नाही, माणूस नाही. सिस्टरने भिंगरीचा हात सोडला.

“त्या खांबापर्यंत पळायचं?”

भिंगरी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. “आवाज होईल.”

“होऊ दे.”

सिस्टर आधी स्वतः चार पावलं पळाली आणि वळून थांबली. मग भिंगरी निघाली, गुडघे एकमेकांना घासत, हात अंगाशी धरून. खांब अजून बराच पुढे होता. मधेच ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. छोटी छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

“आई,” ती म्हणाली, “माझं पळणं संपलं.”

सिस्टर तिच्या शेजारी जमिनीवर बसली. कामावर जायला अजून अवकाश होता. श्वास जागेवर येईपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.