विनयाचा फायकस

माझी बायको विनया गेल्याचं मला दुपारी सव्वातीनला फोनवर कळलं. ती मैत्रिणीबरोबर जयपूरजवळच्या बगरू गावी छापाचं कापड बघायला गेली होती. दुकानात बसल्या बसल्या कोसळली. मैत्रीण फोनवर नुसती रडत होती. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेऊन मला हिंदीत सांगितलं. मी "ठीक है" म्हणालो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिला घरी आणायचं म्हणून शेजाऱ्यांनी पुढची खोली मोकळी केली. सोफा सरकवला, टीपॉय उचलला आणि खिडकीतली फायकसची कुंडी आतल्या खोलीत पलंगामागे नेऊन ठेवली. झाड माझ्या खांद्याला लागेल एवढं. विमा कंपनीच्या नोकरीत आमच्या सहा बदल्या झाल्या. जयपूरला आल्यावर विनयानं हे झाड घेतलं आणि नऊ वर्षांत एकदाही खिडकीतून हलवलं नाही.

तेराव्यापर्यंत ते अंधारात राहिलं. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मोठ्या बहिणीच्या, सुमनताईच्या ते लक्षात आलं.

"अरे श्रीपाद, ही वड-उंबराचीच जात. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालत जा. विनयाला पोचेल."

मला हाताला काहीतरी काम हवंच होतं. मी रोज सकाळी तांब्या ओतू लागलो. ताई साताऱ्याला परतल्यावर संध्याकाळीही.

पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. वाढवलं. मग कुंडी बाल्कनीत नेली. मे महिन्याचं ऊन, दोन दिवसांत उरलेली पानं करपली. मग कूलरसमोर ठेवली. मग स्वयंपाकघरात. मध्येच खत घातलं. घरात मला एका जागी बसवत नव्हतं, आणि उठलो की मी कुंडी सरकवायचो. विनयानं वाढवलेलं, घरात जिवंत असलेलं, तेवढंच उरलं होतं. ते माझ्या हातून जाऊ द्यायचं नव्हतं.

शनिवारी मुलगी कस्तुरी गुडगावहून आली. फरशीवरची पानं बघून दारातच थांबली.

"बाबा, याला इतकं का फिरवता? मतलब, एका जागी राहू द्या ना."

"तुझी आई असती तर..."

"आई असती तर तुम्हाला हात लावू दिला असता का?"

मला हसू आलं. तिलाही. तेवढ्यात मी तांब्या भरायला उठलो, तर तिनं तो हातातून काढून घेतला आणि नर्सरीवाल्या पृथ्वीराजजींना फोन केला.

ते घरी आले. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढलं. मुळं काळी, बुळबुळीत, कुजकट वास.

"बाबूजी, प्यासा नहीं है. आपने डुबाया है."

"मर गया?"

"मैंने ऐसा कब कहा?"

त्यांनी कुजलेली मुळं कापली, वाळू मिसळलेल्या मातीत, लहान कुंडीत झाड लावलं आणि खिडकीत ठेवलं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. खत नाही. कूलरचा वारा नाही. महिनाभर हलवायचं नाही.

"तब तक मैं क्या करूँ?" मी विचारलं.

"बैठिए," ते म्हणाले.

तेच तर जमत नाही. दिवसातून वीस वेळा मी खिडकीपाशी जातो. कस्तुरीचा फोन येतो तेव्हाही मी तिथेच असतो.

"बाबा, बोट बाहेर काढा."

"तुला कसं कळलं?"

"कळतं मला."

पृथ्वीराजजींनी जाताना आणखी एक सांगितलं होतं. नखानं साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. वाळलेली निघाली तर छाटून टाकायची.

आज सकाळी मी खरवडून पाहिलं. खोड हिरवं आहे. खालच्या फांद्याही हिरव्या आहेत. शेंड्याकडच्या तीन फांद्या आतून तपकिरी आहेत. नख आणखी खोल घालून पाहिलं, तरी तपकिरीच. कात्री धुऊन, पुसून खिडकीत ठेवली आहे. तीन फांद्या छाटायच्या राहिल्या आहेत.