कडू नसलेली पेंड

"मान वर धरा, नाकात जाई नईते," झुलाल ओरडला आणि त्याने ताकाचा तांब्या कबरी गायीच्या जबड्यात रिकामा केला. आत गेलं थोडं, फेसाबरोबर बाहेर आलं जास्त. गायीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. पाय तर असे थरथरत होते, जणू आतून कोणी तारा ओढतंय.

हिलाल नुसता उभा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, तोंड उघडं ते उघडंच. पारोळ्याकडच्या या गावाची गुरं तो मिसरूड फुटायच्या आधीपासून चारायचा. लांडग्याने कधी वासरू नेलं नाही, की विहिरीत जनावर पडलं नाही. हिलालच्या हातात दोरी दिली की दूध घरी आलंच, असं गाव म्हणायचं. आणि आता त्याच्या डोळ्यांदेखत भिकुबाईची एकुलती एक गाय डोळे पांढरे करत होती.

कबरीने एक आचका दिला. संपलं. झुलालच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला.

"पान लागनं," तो म्हणाला. साप चावला असं थेट तिकडे कोणी म्हणत नाही. "दुसरं काय व्हई?"

जमलेल्यांनी माना हलवल्या. भिकुबाई गायीच्या डोक्याशी बसून तिचं कपाळ खाजवत होती. रोज दूध काढण्याआधी खाजवायची तसंच. म्हातारी रडत नव्हती. तेच बघवत नव्हतं.

हिलालची नजर मात्र गायीच्या ओठांवर. फेसात तपकिरी भुगा चिकटला होता. त्याने मान वळवून कुरणाच्या कडेच्या बाभळीकडे बघितलं. बाभळीखाली गोणपाटावर युरिया पसरलेला, आणि त्या ढिगाची एक बाजू पार चाटून नेलेली.

छे. कसं शक्य आहे?

दूध सोसायटीच्या साहेबाने ही युक्ती शिकवली होती. नुसता युरिया टाकला तर मातीतले बारीक जीव त्याचा झटक्यात फडशा पाडतात, उरलेला पावसाबरोबर खाली पळतो आणि गवत बसतं हात चोळत. म्हणून निंबोळीची पेंड कुटून युरियाला चोळायची आणि रात्रभर मुरू द्यायची. कडूने त्या जीवांचा जोर मोडतो, खत मुळाशी टिकतं. गाव हसलं होतं. हिलालने मात्र करून दाखवलं. एका बाजूला गुरं चारायची, दुसऱ्या बाजूला खत टाकून तिथली चराई बंद ठेवायची. अर्ध्या खतात गवत असं आलं, की हसणारेच आपली गुरं पुढे दामटायला लागले.

युरिया गुरांच्या पोटात गेला तर विषच, तरी मुरायला ठेवलेला ढीग तो खुशाल उघडा टाकायचा. कोणी टोकलंच तर म्हणायचा, "ढोरं तोंड लावतस नई. कडू शे." आणि खरंच, गुरं नुसता वास घेऊन फुरफुरत मागे सरायची.

तो बाभळीखाली गेला. मूठभर उचलून चोळलं, नाकाशी नेलं. निंबोळीचा तो उग्र वास कुठेच नाही. खमंग, तेलकट सरकीचा वास. गुरं ज्यावर तुटून पडतात त्या आंबोणाचा.

त्याने मूठ उघडून पुन्हा एकदा वास घेतला.

गलका ऐकून त्याची सून प्रमिलाबाई धावत आली होती. या वेळचं खत तिनेच कालवलं होतं.

"पेंड कोनती टाकी व तू?"

"निंबोळीनी सरी गयी व्हती, मामा. मंग आपली सरकीनी टाकी. आपली गायना वाटानी शे, एकदम भारी." तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. "बारीक कुटी मी. गवत आजून चांगलं व्हई."

मग तिला सासऱ्याचा चेहरा दिसला. मग पलीकडे पडलेली कबरी. तिने पदर तोंडात कोंबला.

हिलालची मूठ वळली होती. युरिया बोटांमधून गळत होता.

"घर जाय," तो म्हणाला. "आनि गप ऱ्हाय."

तो परत आला तोवर झुलालला सापाचं बीळसुद्धा सापडलं होतं. "हाऊ दखा, आठूनच निंघना व्हई. तुना काय दोष, हिलालभाऊ?"

सगळं आयतं जुळलं होतं. मान डोलवायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं.

"पान नई लागनं," हिलाल म्हणाला. "युरिया खादा तिनी. सरकीनी पेंड टाकी मी त्यामा. ढीग बी मीच उघडा ठेवा."

झुलाल बघतच राहिला. "तू? आख्खा गावले तूच सांगस ना, कडू शे म्हनीसन?"

"हा. मीच."

भिकुबाई गायीच्या गळ्यातली घंटा सोडवायला लागली. गाठ सुटेना. हिलाल पुढे वाकला.

"तू नको," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "तू हात नको लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल नेहमीसारखा गल्लीतून निघाला. काही घरांनी गुरं सोडली, काहींनी दारं लोटून घेतली. तो खाली मान घालून चालत होता. पायांना वाट पाठ, जिभेला हाक पाठ.

"अक्का, कबरीले सोडा व—"

हाक निघून गेली होती. भिकुबाईच्या दारात खुंटा होता, त्याला रिकामा दोर होता. मागची गुरं मात्र रोजच्यासारखी तिथेच थांबली. कबरी येऊन पुढे लागल्याशिवाय ती कधी हलायचीच नाहीत.

हाकलायला हिलालने काठी उचलली. मग खाली टेकवली, आणि तोही त्यांच्यात उभा राहिला.