सोप्यातली फरशी

फौजेतला मानसिंग पठाणकोटहून सुट्टीवर आला, त्याच दिवशी त्यानं आईला घराचा पुढचा सोपा सारवताना पाहिलं. एक हात भुईला टेकून, दुसऱ्या हातानं शेणाचा काला ओढत साळूबाई मागं मागं सरकत होती. सारवून झालं, पण उठता येईना. खांबाला धरून दोनदा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसली. तिचे गुडघे दुखतात हे मानसिंग ऐकून होता, बघितलं आज.

"बास झालं आये," त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं. "घरात फरशी घालूया."

साळूबाई नको म्हणाली नाही. खरं तर तिला बरंच वाटलं. पलूसच्या त्या बाजूला तेव्हा नुकता उसाचा पैसा खेळू लागला होता, तरी त्यांच्या गल्लीत फरशी कुणाच्याच घरी नव्हती. सांगलीहून शहाबादी फरशीचा ट्रक आला, तेव्हा शेजारची चंद्राबाई हातातलं काम टाकून बघायला आली होती.

"आक्का, राणी झालीस गं आता!" ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

काम नाथाजी गवंड्याला दिलं होतं. चाळिशीचा, शेजारच्या गावचा माणूस. एकटाच काम करायचा आणि दिवसभर बोलत राहायचा. साळूबाईशी, मानसिंगशी, कुणी नसलं तर फरशीशीच. "हितं बस गं बाई, लय नखरं करू नगंस," असं म्हणून लाकडाच्या हातोडीनं तिला ठोकायचा. आधी त्यानं सगळी भुई खणून काढली, मुरूम भरून चोपला, वर फरशी मांडत गेला आणि शेवटी सिमेंटनं मधल्या फटी, म्हणजे दर्जा भरल्या. त्या दिवसांत घरात नुसता गलबला होता. सून चुलीपाशी, नात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत, मानसिंग पाणी शेंदायला. साळूबाईला वाटायचं, हे काम असंच चालावं.

काम संपलं. सुट्टीही संपली. मानसिंगला क्वार्टर मिळालं होतं, म्हणून या वेळी तो बायकोला आणि पोरीला बरोबर घेऊन गेला. एसटीपर्यंत साळूबाई गेली नाही, दारातूनच हात केला. मग आत येऊन सोप्यात बसली. फरशी गार होती. तिनं घोंगडं अंथरलं.

मानसिंग आला त्या दिवसासारखं एखादं सोडलं, तर आजवर दर पंधरवड्याला तिच्या आणि चंद्राबाईच्या घरचं सारवण दोघी मिळून करायच्या. आधी एकीचं, मग दुसरीचं. एकटीनं करायला सकाळ जायची, दोघींना निम्मा वेळ लागायचा. पण खरी गंमत पुढंच असायची. भुई ओली असेपर्यंत घरात कुणाला पाय ठेवता येत नसे. मग दोघी गल्लीत भिंतीच्या सावलीला बसायच्या. हात शेणानं भरलेले, म्हणून दुसरं कुठलं काम करता येत नसे. येणारीजाणारी एखादी बाई टेकायची. माहेरच्या गोष्टी, सुनांच्या गोष्टी. साळूबाईचा नवरा वारला त्या वर्षी चंद्राबाईनं तिला असंच बसवून बसवून बोलतं केलं होतं.

पंधरा दिवस झाले, चंद्राबाईची हाक आली नाही. साळूबाईनं कुडावरून डोकावून बघितलं, तर तिची भुई सारवून झालेली.

"मला हाक न्हाई मारलीस गं?"

"कशाला आक्का? तुझं सारवायचं न्हाई आता. माझ्यासाठनं तू का हात भरायचं? आन् गुडघं तुझं असलं."

बोलणं खोटं नव्हतं. "ये की मग च्या प्यायला," साळूबाई म्हणाली.

चंद्राबाई आली, पण उंबऱ्याशीच थांबली. "नगं बाई, पाय मळल्यात माझं." बाकीच्या बायकांचंही तसंच. कुणी विस्तव मागायला आली, कुणी विरजण मागायला, पण दारातूनच घेऊन गेली. साळूबाई रोज सकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. चूळ भरून यावं तेवढ्यात ती वाळलेली असायची. पुढं सगळा दिवस.

दसऱ्याच्या आधी तिनं नाथाजीला निरोप धाडला, एक फरशी हलतीया म्हणून.

तो सायकलवरनं आला. गुडघ्यावर बसून हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून बघितली. सगळीकडं भरीव आवाज.

"कंची हालतीया काकी?"

साळूबाईनं कोपऱ्यातली एक दाखवली. नाथाजी तिच्यावर उभा राहिला, दोन्ही पायांनी दाबून बघितलं. मग खाली बसला. साळूबाईनं चहा टाकला. चहा पिताना तो म्हणाला, "पक्की हाय काकी. काय इचारायचं हुतं, इचारा."

"सोप्यातली तेवढी काढता ईल का? पयल्यासारकी भुई करून?"

"काढता ईल. पर मी न्हाई काढायचा. मानसिंगला काय सांगू? आन् मग सारवणार कोन? आवं, तुमचं गुडघं तेच की." त्यानं कप खाली ठेवला. "आता तर मी हितंच हाय म्हना. सोमवारपास्नं नानासोच्या घरात लागतोय."

नानासो म्हणजे चंद्राबाईचा नवरा.

"कशाला?"

"फरशीला. तुमाला ठावं न्हाई?"

साळूबाईला ठाऊक नव्हतं. नाथाजी गेल्यावर तिनं कप विसळून ठेवले. घरं लागून, आणि चंद्रीनं सांगितलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडं बादलीचा आवाज झाला. साळूबाई बोलावण्याची वाट न बघता गेली. चंद्राबाई एकटीच शेण कालवत होती. साळूबाईला बघून ती ओशाळली.

"सांगनार हुते आक्का. मालकानं ठरीवलं. तुझं बघून मीच मागं लागले हुते, मग तुला सांगायची लाज वाटली."

"सोमवारी खणायचीच हाय, तर सारवतीस कशाला?"

"मग काय पारोशी खणाय देऊ व्हय?"

साळूबाईनं पदर खोचला. चंद्राबाई नको नको म्हणत असताना ती खाली बसली. दोघींनी माजघर केलं, मग सोपा केला. साळूबाईला उठवताना चंद्राबाईचा पाय घसरला आणि दोघी ओल्या भुईत बसल्या, तेवढा भाग पुन्हा सारवावा लागला. मग भिंतीच्या सावलीला येऊन टेकल्या. चंद्राबाई नाथाजीच्या बडबडीबद्दल विचारत होती, साळूबाई सांगत होती. ऊन कडक होतं. भुई लवकर वाळली, तरी कुणी आधी उठलं नाही. नानासो जेवायला आला तेव्हा चंद्राबाईला उठावं लागलं.

सोमवारपासून नाथाजीचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ते काम संपवून तो दुसऱ्या गावाला गेला.

मग एका सकाळी चंद्राबाई दारात आली. "आक्का, ही पुसायची कशानं गं?"

साळूबाईनं तिला पोत्याचा तुकडा भिजवून, पिळून दाखवला. स्वतःच्या सोप्यात पुसूनही दाखवलं.

"लगीच वाळतं की," चंद्राबाई म्हणाली.

"व्हय. लगीच वाळतं."

चंद्राबाई जरा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग तो तुकडा घेऊन घरी गेली, आणि साळूबाईनं आपलं फडकं घेऊन राहिलेला कोपरा पुसून घेतला.