चार मात्रांचा थांबा

माझ्या कॉर्नेटला देवळातली सवय होती आणि मी तिला गुण समजत होतो.

आमच्या देहूरोडच्या ख्रिस्ती देवळात रविवारच्या उपासनेला गीतं मी या आखूड पितळी वाद्यावर वाजवायचो. मंडळीत म्हातारी माणसं जास्त. एस्तेरबाई तर प्रत्येक ओळीला अर्धा शब्द मागे. म्हणून ओळ संपली की शेवटचा सूर मी चार मात्रा धरून ठेवायचो. तेवढ्यात सगळ्यांचा दम भरायचा, मागे राहिलेले पुढच्यांना गाठायचे आणि मग आम्ही मिळून पुढच्या ओळीत शिरायचो. पाळकसाहेब म्हणायचे, "सिलास, तुझ्यामुळे मंडळी एकत्र गाते." ते ऐकून माझी मान आठवडाभर ताठ असायची.

दत्तोबा मास्तरांना मात्र या सवयीचा भारी संताप. ते तळवड्याचे, लग्नाच्या बँडचे मालक, स्वतः क्लॅरनेट वाजवायचे. त्यांचा कॉर्नेटवाला ऐन वेळी मुंबईला निघून गेला आणि त्यांनी मला गाठलं. सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीला रेल्वे फाटकापलीकडे लोखंडी खाटांचा नवा कारखाना निघाला होता आणि त्याच्या मालकाला बँडचं वेड. कारखान्याचा स्वतःचा बँड हवा म्हणून त्याने चिंचवडच्या मैदानात स्पर्धा लावली. जो बँड जिंकेल त्याच्या सगळ्या माणसांना कारखान्यात कायमची नोकरी, वर राहायला खोली.

मी तेव्हा रोजंदारीवर पेट्या उचलत होतो आणि सहा हमालांबरोबर एका खोलीत झोपत होतो. माझी बायको रूथ बाळंतपणाला नगरला माहेरी गेली ती तिकडेच राहिली होती, कारण आणायची कुठे? बाळ चार महिन्यांचं झालं होतं आणि मी त्याला एकदाच पाहिलं होतं. मला नाव नको होतं, टाळ्या नको होत्या. मला ती खोली हवी होती, इतकी की प्रार्थनेला बसलो तरी डोळ्यांसमोर तिचा दरवाजाच यायचा.

पाळकसाहेबांनी कुरकुरत परवानगी दिली. महिनाभर तळवड्याच्या खळ्यावर तालीम चालली. आम्ही आठ जण. त्यात चिमाजीबाबा महाळुंग्याचे, वय साठीचं, मोठा पितळी बाजा वाजवायचे. खालचा भरदार सूर त्यांचा, बाकीचे सगळे त्यावर उभे. दम्याने त्यांची छाती शिट्टी मारायची, पण बाजा तोंडाला लागला की ती गप्प बसायची.

तालमीत मी ओळीच्या शेवटी थांबलो की दत्तोबा क्लॅरनेट खाली घ्यायचे.

"हे देऊळ न्हाई, सिलास. तू थांबला की लोकांना वाटतं, गडी चाल इसरला."

"सवय आहे, मास्तर."

"मोड ती. आठ मिन्टाच्या वर एक सूर गेला तरी बाद करणार हायेत."

नियम तसाच होता. एक कूचगीत, एक संथ चाल, दोन्ही मिळून आठ मिनिटं. लाल झेंडा पडला आणि वाजवणं चालू असलं की बँड बाद. आमचं सगळं साडेसात मिनिटांत बसत होतं. मी जीभ चावून चावून थांबणं सोडलं. शेवटच्या आठवड्यात दत्तोबा एकदाही ओरडले नाहीत.

स्पर्धेच्या सकाळी वाद्यांपुढे नारळ फुटला. मी बाजूला उभा राहून डोळे मिटून माझी प्रार्थना केली. मागणं सगळ्यांचं एकच होतं, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. चिमाजीबाबा त्यानंतर दत्तोबांना एका बाजूला घेऊन काहीतरी बोलत होते. मी वाद्य पुसत होतो, लक्ष दिलं नाही.

आमचा नंबर सातवा, म्हणजे शेवटचा. उन्हाने मैदान तापलं होतं, धूळ नाकातोंडात जात होती. आधीच्या सहांपैकी दोन बँड बाद झाले होते, उरलेल्यांत एकही आमच्या तोडीचा नव्हता. हे मी फुशारकीने सांगत नाही, दत्तोबांचा चेहराच तसं सांगत होता. टेबलाशी यशवंतराव नावाचे गृहस्थ हातात घड्याळ घेऊन बसले होते आणि शेजारी झेंडेवाला उभा होता. कारखान्याचा मालक खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

कूचगीत झकास झालं. मालकाचा बूट तालावर हलायला लागला. संथ चाल सुरू केली तेव्हा मला वाटलं, जिंकलोच. तिच्या बारा ओळी होत्या. पहिल्या तीन सरळ गेल्या, मी कुठेही थांबलो नाही.

चौथ्या ओळीच्या मध्यावर खालचा सूर गेला.

पायाखालची फळी निघावी तसं झालं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. चिमाजीबाबांनी बाजा मांडीवर घेतला होता, तोंड उघडं होतं, खांदे वरखाली होत होते. ओळ संपली. मी ठरवलं वगैरे काही नाही. माझ्या बोटांनी शेवटचा सूर धरला आणि मी त्यांच्याकडे तोंड करून थांबलो.

चार मात्रा गेल्या. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, अजून दम भरला नाही असं म्हणतात. मी आणखी चार मात्रा धरल्या. माझं बघून बाकीचेही थांबले, कारण चाल माझ्याकडे होती. दत्तोबांच्या हातात क्लॅरनेट, तोंडात क्लॅरनेट, बोलणार कसे? त्यांचे डोळे मात्र मला फाडून खात होते. शेवटी चिमाजीबाबांनी बाजा उचलला आणि आम्ही पाचव्या ओळीत शिरलो.

दोन ओळी गेल्या आणि बाजा पुन्हा खाली. मी पुन्हा थांबलो. आता मला घड्याळ कळत होतं. आपण काय करतोय हेही कळत होतं. अर्धं मिनिट हातात होतं आणि ते मी मुठी भरभरून उधळत होतो. रूथ डोळ्यांसमोर आली, ते बाळ आलं. सोडून दे, पुढे जा, असं पोटातून कुणीतरी ओरडत होतं. पण एक म्हातारा माणूस मागे राहिलेला असताना पुढच्या ओळीत शिरायचं कसं, ते मला खरोखरच येत नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या भीतीतही मला स्वतःचं थोडं कौतुक वाटत होतं. आठवी झाली, नववी झाली, दोन्हींनंतर थांबलो. दहावीनंतर पुन्हा थांबलो. चिमाजीबाबांचा चेहरा काळानिळा पडला होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, त्यांचे डोळे उपकाराने भरून आलेत.

अकराव्या ओळीच्या शेवटी लाल झेंडा पडला. आमची एक ओळ उरली होती.

निकाल लागला, चाकणचा एक बेताचा बँड जिंकला, लोक पांगले. दत्तोबा क्लॅरनेटचे तुकडे पेटीत भरत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी चिमाजीबाबांजवळ जाऊन बसलो. वाईट वाटून घेऊ नका, असं सांगणार होतो.

त्यांनीच विचारलं, "तुला कुनी सांगितलं व्हतं थांबायला?"

"बाबा, तुमचा दम..."

"दम जानारच व्हता, ते मला म्हाईत न्हाई व्हय? सकाळीच दत्तोबाला सांगितलं व्हतं. बाजा खाली ठिवला की माझ्याकडं बघायचं न्हाई, पुढं जायचं. साठीच्या गड्याला नोकरी घिऊन काय करायचीय? तुमा पोरांसाठी फुंकत व्हतो."

छाती शिट्टी मारत होती. एक श्वास ओढून ते म्हणाले, "मी मान हलवून सांगत व्हतो, जा म्हनून. समद्या मैदानाम्होरं तू मला बघत बसलास. मग उचलल्याबिगर काय करू?"

"मला का नाही सांगितलंत सकाळी?"

यावर दत्तोबांनी पेटी बंद केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुला काय सांगायचं? बँडमधी कोन कुनासाठी थांबतं?"

चिमाजीबाबा बाजा खांद्याला लावून उठले. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी तो बाजूला सारला.

त्या आठवड्यात मी रूथला पत्र लिहिलं. खोली मिळाली नाही, एवढ्यात येऊ नकोस. स्पर्धेत एका म्हाताऱ्या माणसाचा दम गेला, मी त्यांच्यासाठी थांबलो आणि आम्ही हरलो. पुढचं लिहिलं नाही.

तिचं उत्तर आलं. दोन ओळींचं होतं. बाळाला दात येतोय, आणि तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत. मला तुमचा अभिमान वाटतो.

पुढे ती आली, संसार झाला, मुलं मोठी झाली. अजूनही कुणी घरी आलं की ती ही गोष्ट सांगते, आणि मी शेजारी बसून मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.